वीस सेकंदांमागचे तास

कारगिल युद्धाची जुनी चित्रफीत लागली की एक दृश्य हमखास येते. रात्रीचा काळोख असतो, रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा असतो आणि त्याच्या पाठीवरून एकामागून एक आगीच्या रेघा डोंगराच्या दिशेने झेपावत असतात. आमच्या वसतिगृहाच्या दूरदर्शन खोलीत हे दृश्य आले की सगळे टाळ्या वाजवतात. वीस सेकंदांत ते संपते आणि पडद्यावर दुसरे काही सुरू होते.

तो ट्रक म्हणजे ग्राद रॉकेट प्रक्षेपक. तोफखान्याच्या रॉकेट तुकड्यांत नोकरी केलेले तीन निवृत्त सैनिक आमच्या शाळेशी जोडलेले आहेत. २८ सप्टेंबरला, म्हणजे तोफखाना दिनाच्या निमित्ताने, आमच्या इतिहास मंडळाने त्यांच्याशी सविस्तर बोलायचे ठरवले. १८२७ साली याच तारखेला तोफखान्याची सर्वांत जुनी, ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी उभी राहिली, म्हणून हा दिवस पाळतात. आम्ही विचारायला गेलो ते त्या वीस सेकंदांबद्दल. तिघांनीही त्याबद्दल फार थोडे सांगितले. त्यांच्या आठवणी त्या वीस सेकंदांच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांच्या होत्या. त्या समजायच्या तर आधी हे अस्त्र कसे चालते ते पाहावे लागेल.

तोफ आणि रॉकेट

तोफेचा गोळा नळीच्या आतच आपला पूर्ण वेग घेतो. दारूचा स्फोट नळीत होतो, गोळा पुढे जातो आणि तोफ मागे धक्का खाते. हा धक्का सहन करायला तोफ जड लागते. रॉकेटचे तसे नाही. त्याचे इंधन त्याच्या पोटात असते आणि नळी मागून उघडी असते. जळालेला वायू मागच्या बाजूने बाहेर पडतो आणि रॉकेट पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम आपण नववीत शिकलो, तोच हा. नळीला धक्का जवळजवळ बसत नाही, म्हणून साध्या ट्रकवरही पुष्कळ नळ्या बसवता येतात.

ग्रादच्या ट्रकवर दहा-दहाच्या चार रांगांत ४० नळ्या असतात. रॉकेटचा व्यास १२२ मिलिमीटर, लांबी जवळपास ३ मीटर, वजन सुमारे ६६ किलो आणि पल्ला सुमारे २० किलोमीटर. चाळीसही रॉकेटे २० सेकंदांत सुटतात, म्हणजे सेकंदाला दोन. रशियन भाषेत ग्राद म्हणजे गारा. नाव अगदी नेमके आहे.

पण फायदा तिथे तोटाही. नळीतून बाहेर पडताना रॉकेटचा वेग अजून कमी असतो आणि इंजिन हवेतही काही क्षण जळत असते. त्या वेळी वाऱ्याचा परिणाम फार होतो. त्यामुळे सगळी रॉकेटे एका बिंदूवर न पडता काहीशे मीटर लांबी-रुंदीच्या पट्ट्यात विखुरतात. शत्रूचा साठा, तोफांची जागा, तळ यांवर हे अस्त्र भारी पडते. पण आपले पायदळ शत्रूच्या अगदी जवळ पोचले की रॉकेटे थांबवावी लागतात आणि नेमक्या तोफांवर काम सोपवावे लागते. ही मर्यादा ओळखणे हासुद्धा तोफखान्याच्या विद्येचा भाग आहे.

थोडा इतिहास

युद्धात रॉकेट वापरण्याचा इतिहास आपल्याच देशात जुना आहे. हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या म्हैसूरच्या सैन्यात लोखंडी नळीची रॉकेटे होती. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात इंग्रजांनी ती अनुभवली. तिथून नेलेल्या नमुन्यांवरून पुढे विल्यम काँग्रीव्हने इंग्लंडमध्ये आपली रॉकेटे बनवली.

ट्रकवरच्या रॉकेटांचा जमाना दुसऱ्या महायुद्धात आला. १४ जुलै १९४१ रोजी कॅप्टन इव्हान फ्लेरोव्ह यांच्या सोव्हिएत बॅटरीने ओर्शा रेल्वे स्थानकावर पहिल्यांदा मारा केला. ही गाडी पुढे कात्युशा या नावाने प्रसिद्ध झाली. मारा झाला की धुराचा आणि धुळीचा एवढा लोट उठे की जागा लगेच उघडी पडे. म्हणून मारा करायचा आणि ताबडतोब जागा सोडायची, हा रॉकेटवाल्यांचा पहिला नियम तेव्हापासून झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लेरोव्ह यांची बॅटरी व्याझ्माजवळ वेढ्यात सापडली. गाड्या शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी त्या उडवून दिल्या आणि त्या लढाईत ते मारले गेले. ग्राद ही कात्युशाचीच पुढची पिढी. १९६३ मध्ये ती सोव्हिएत सैन्यात आली आणि पुढे भारताने घेतली.

आम्ही कसे विचारले

आमच्या इतिहासाच्या सरांनी एक पद्धत सांगितली होती. तिघांना एकत्र बसवायचे नाही. प्रत्येकाला वेगळे भेटायचे आणि तेच पाच प्रश्न विचारायचे. तुमचे नेमके काम काय होते? त्या कामात हात कुठे असत? सर्वांत जास्त वेळ कशात जाई? भीती कशाची वाटे? आणि लोक कोणती गोष्ट चुकीची समजतात?

"हात कुठे असत" हा प्रश्न आम्हाला विचित्र वाटला होता, पण सर्वांत जास्त माहिती त्यानेच मिळवून दिली. "शौर्य सांगा" म्हटले की निवृत्त सैनिक गप्प होतात किंवा भाषणात बोलतात तसे बोलतात. "हात कुठे होते" म्हटले की ते हात पुढे करून दाखवू लागतात.

तिघांपैकी एक सुभेदार साहेब, सातारा जिल्ह्यातले, माझ्या वर्गमित्राचे आजोबा. ते प्रक्षेपकाच्या तुकडीवर होते. दुसरे आमचे पीटीचे उस्ताद, गढवालचे, जे कमांड पोस्टमध्ये तांत्रिक सहायक, म्हणजे टीए होते. तिसरे शाळेच्या गाड्यांची व्यवस्था पाहणारे, हरियाणाचे, जे तेव्हा ग्रादचे चालक होते. तिघेही १९९९ च्या उन्हाळ्यात द्रासच्या परिसरात होते, पण एकाच रेजिमेंटमध्ये नव्हते.

भरणारे हात

सुभेदार साहेबांशी आम्ही मराठीत बोललो. शाळा महाराष्ट्राबाहेर असल्याने आम्हाला तशी संधी कमी मिळते. ते म्हणाले, "पोरा, उडताना सगळ्यांना दिसतं. भरताना कुणी बघितलंय का?"

ग्राद हातांनी भरावी लागते. लाकडी पेटी उघडायची, रॉकेट बाहेर काढायचे, पुसायचे, तपासायचे. मग दोघा-तिघांनी उचलून प्रक्षेपकाच्या मागच्या बाजूने, टोक पुढे करून नळीत सरकवायचे. नळीच्या आत एक मळसूत्री खाच असते. रॉकेटवरची छोटी खुंटी त्या खाचेत बसली पाहिजे, कारण त्यामुळे बाहेर पडताना रॉकेट स्वतःभोवती फिरते आणि त्याचा मार्ग स्थिर राहतो. खुंटी नीट बसली की हाताला ते कळते. साहेब म्हणाले की काळोखात, हातमोजे घालून, हे फक्त स्पर्शाने ओळखावे लागे. सांगताना त्यांनी उजव्या हाताची बोटे थोडी वळवून दाखवली. पंचवीसहून अधिक वर्षांनंतरही ती बोटे आपोआप वळली.

आता हिशोब करू. एका गाडीला ४० रॉकेटे, प्रत्येकी ६६ किलो. म्हणजे २,६४० किलो. बॅटरीत ६ गाड्या धरल्या तर २४० रॉकेटे, १५,८४० किलो. जवळजवळ १६ टन वजन माणसांनी उचलायचे आणि तेही एका भरणीसाठी. द्रास सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे नुसते जिने चढताना दम लागतो. सरावलेली तुकडी दहा-एक मिनिटांत गाडी भरते असे पुस्तकात असते. साहेब हसून म्हणाले, "पुस्तक लिहिणारा द्रासला आला नव्हता."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मोजण्याची. मारा सुरू झाला की तुकडीचा प्रमुख मनात आवाज मोजतो. मारा संपला की नळ्या मोजतो. चाळीसही रिकाम्या असतील तर निघायचे. एखादे रॉकेट सुटलेच नाही तर मात्र कुणीही गाडीच्या पुढे किंवा मागे जायचे नाही. ठरलेला वेळ थांबायचे, विजेची जोडणी बंद आहे याची खात्री करायची आणि मगच जवळ जायचे. इकडे जागा लवकर सोडायची घाई, कारण शत्रूला आपली जागा कळलेली आणि इकडे नियम सांगतो की थांबा. साहेबांवर अशी वेळ एकदा आली. ते म्हणाले की संपूर्ण नोकरीत तेवढा लांब वेळ त्यांनी कधी काढला नाही. पण ते थांबले. "नियम माणसं मेल्यावर लिहिलेले असतात," एवढेच त्यांनी म्हटले.

साहेबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. बोलायला बसण्याआधी त्यांनी आम्हाला स्वतःच उजव्या बाजूला बसवले. त्याबद्दल आम्ही विचारले तेव्हा "चालायचंच" म्हणून त्यांनी विषय बदलला.

आकडे मांडणारे

उस्तादांनी डोंगरात एकही रॉकेट हाताळले नाही. त्यांच्या हातात पेन्सिल, नकाशा आणि मारा-तक्ता होता. कमांड पोस्टमध्ये बसून ते प्रक्षेपकाला दिशा आणि उंचीचा कोन काढून देत.

आपल्याला वाटते, लक्ष्याचे अंतर कळले की कोन निघतो. मैदानात हे थोडे तरी खरे आहे. डोंगरात प्रत्येक गोष्ट आकडा बदलते. एक, हवा. द्रासच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही कमी असते. विरळ हवेत अडथळा कमी, म्हणून रॉकेट जास्त लांब जाते. दोन, थंडी. थंड झालेले घन इंधन हळू जळते, जोर कमी पडतो आणि पल्ला घटतो. म्हणून साठ्यातल्या रॉकेटांचे तापमान थर्मामीटरने मोजून हिशोबात धरतात. तीन, वारा. इथे एक गंमत आहे. वारा उजवीकडून येत असेल तर इंजिन जळत असेपर्यंत रॉकेट उजवीकडेच, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाकडे वळते, कारण वारा त्याच्या शेपटीच्या पंखांना ढकलतो. इंजिन विझले की तोच वारा त्याला डावीकडे नेतो. म्हणजे एकाच वाऱ्यासाठी दोन वेगळ्या दुरुस्त्या. वरच्या थरातला वारा कळावा म्हणून फुगे सोडून माहिती घेतली जाते. चार, उंचीतला फरक. लक्ष्य आपल्यापेक्षा हजार-दीड हजार मीटर उंच असते. टायगर हिलचे शिखर ५,०६२ मीटरवर आहे. पाच, मधला डोंगर. रॉकेटला तो ओलांडून पलीकडे उतरता आले पाहिजे. मार्ग जास्त तीव्र उताराचा हवा असेल तर रॉकेटच्या नाकाजवळ धातूची कडी बसवतात. कडीमुळे हवेचा अडथळा वाढतो, पल्ला कमी होतो आणि रॉकेट अधिक उभे खाली येते.

दहावीच्या मित्रांसाठी एक उदाहरण. लक्ष्य १५ किलोमीटरवर आहे आणि दिशेत फक्त १ अंशाची चूक झाली. १५,००० ला १ अंशाच्या टॅनने गुणा. उत्तर येते सुमारे २६२ मीटर. त्या वेळी आपले पायदळ लक्ष्यापासून किती लांब दबा धरून बसले आहे हे आठवा आणि मग या २६२ कडे पुन्हा पाहा. त्रिकोणमितीचा धडा मला तरी तेव्हापासून वेगळा दिसतो.

म्हणून उस्तादांच्या पोस्टमध्ये एकच गणित दोघे जण वेगवेगळे करत. एकमेकांच्या कागदाकडे पाहायचे नाही. उत्तरे जुळली तरच आकडा प्रक्षेपकाकडे जाई. जुळली नाहीत तर कोण वरिष्ठ आहे हे न पाहता दोघेही पुन्हा पहिल्यापासून मांडत. आम्ही विचारले, "उस्ताद, भीती कशाची वाटायची?" आम्हाला वाटले ते म्हणतील, शत्रूच्या गोळ्यांची. ते म्हणाले, "आकडे पहिल्याच वेळी जुळले की जास्त भीती वाटायची. दोघांनी एकच चूक केली असेल तर?"

दिवे न लावता

चालक साहेबांचे म्हणणे असे की रॉकेट रेजिमेंट ही अर्धी वाहतुकीची रेजिमेंट असते. श्रीनगर-लेह महामार्गाचा द्रासजवळचा भाग शत्रूने व्यापलेल्या शिखरांवरून सरळ दिसत होता. त्यामुळे हालचाल रात्री आणि दिवे न लावता होई. पुढच्या गाडीच्या मागे लावलेला पांढरा पट्टा किंवा पुढे पायी चालणारा जवान, एवढीच खूण. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी आणि पाठीवर भरलेल्या चाळीस नळ्या.

जागेवर पोचल्यावरही चालकाचे काम संपत नाही. गाडी कोणत्या कोनात उभी करायची हे ठरलेले असते, कारण कमी उंचीच्या कोनावर केबिनवरून सरळ पुढे मारा करता येत नाही. जमीन सपाट हवी, मागे दगडगोटे नकोत, कारण रॉकेटच्या मागच्या झोतात ते गोळीसारखे उडतात. आणि निघायचा रस्ता मोकळा हवा. ते म्हणाले, "यायचा रस्ता सगळे शोधतात. मी आधी जायचा शोधायचो."

एकदा त्यांच्या तुकडीने जागा सोडली आणि दोन वळणे ओलांडली तोच आधीच्या जागेवर गोळे पडू लागले. मागे वळून पाहायला वेळ नव्हता. पाकिस्तानकडे तेव्हा गोळ्याच्या मार्गावरून तोफेची जागा शोधणारी रडारे होती, आपल्याकडे तशी नव्हती. आज स्वाती हे स्वदेशी रडार आपल्या तोफखान्याकडे आहे. पण त्या रात्री त्यांच्याकडे होते ते फक्त चालू ठेवलेले इंजिन आणि आधी पाहून ठेवलेला रस्ता.

रेडिओवरचा आवाज

तोफखान्याचा माणूस सहसा आपले लक्ष्य पाहत नाही. पायदळाबरोबर पुढे गेलेला तोफखान्याचा निरीक्षण अधिकारी आणि त्याचा रेडिओवाला पाहतात आणि मागे सांगतात की मारा कुठे पडला, किती सरकवा. यांना ओपी म्हणतात. ते तोफखान्याचेच असतात, पण चढतात पायदळाबरोबर आणि धोकाही तोच झेलतात.

उस्तादांनी सलग नऊ रात्री एका ओपीच्या रेडिओवाल्याचा आवाज ऐकला. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, फक्त सांकेतिक नाव. उच्चारावरून तो दक्षिणेकडचा असावा असे त्यांना वाटे. दहाव्या रात्री त्याच सांकेतिक नावाने दुसरा आवाज आला. दुरुस्ती सांगितली, आकडे दिले. उस्तादांनी ते लिहून घेतले, गणित मांडले, पडताळले आणि पुढे दिले. पहिल्या आवाजाचे काय झाले हे कुणी विचारले नाही. रेडिओवर तसे विचारायचे नसते. काम संपेपर्यंत विचार करायचीही सोय नसते.

पंधरा दिवसांनी कळले की तो पायाला जखम होऊन रुग्णालयात आहे, जिवंत आहे. दोघांची भेट कधीच झाली नाही. "आज तो समोर उभा राहिला तर मी ओळखणार नाही," उस्ताद म्हणाले, "पण फोनवर बोलला तर पहिल्या शब्दाला ओळखेन."

मी तोपर्यंत असे समजत होतो की लढाई म्हणजे समोरासमोर असणे. पण ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवणे आणि त्याने आपल्यावर ठेवणे, यावरही लढाई चालते. शिखरावर चढणारा जवान वर पाहत असतो. त्याच्या मागे १५ किलोमीटरवर बसलेल्या दोन माणसांची उत्तरे जुळली आहेत, यावर त्याचा जीव असतो.

कारगिलमध्ये तोफखान्याने सुमारे अडीच लाख तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. १३ जूनला तोलोलिंग, २० जूनला पॉइंट ५१४० आणि ४ जुलैला टायगर हिल पायदळाने जिंकले. २०२२ मध्ये पॉइंट ५१४० ला गन हिल हे नाव देण्यात आले. पायदळाने घेतलेल्या शिखराला तोफांचे नाव मिळाले, यातच दोघांचे नाते आले.

आठवणी जुळत नाहीत तेव्हा

तिघांच्या आठवणी सगळीकडे जुळल्या नाहीत. टायगर हिलच्या रात्रीबद्दल सुभेदार साहेब म्हणाले की आकाश स्वच्छ होते. चालक साहेबांना पाऊस आठवतो. उस्तादांनी आकाश पाहिलेच नाही, ते तंबूत कंदिलाखाली होते. आमच्यातल्या काहींना वाटले की मग यांतले खरे काय लिहायचे?

सरांनी समजावले की तारीख, वेळ, किती रॉकेटे सुटली, हे युद्ध-दैनंदिनीत असते आणि तिथेच पाहावे. आठवणीला ते विचारू नये. पण खुंटी खाचेत बसल्याचे बोटांना कसे कळते, आकडे जुळल्यावर पोटात काय होते, बदललेला आवाज कानाला कसा लागतो, हे कोणत्याही दैनंदिनीत नसते. त्यासाठी माणसालाच विचारावे लागते आणि तो आहे तोपर्यंतच विचारावे लागते. दोन्ही पुरावेच आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांचे.

आता पिनाक

आज आपल्या तोफखान्यात पिनाक आहे. शिवाच्या धनुष्याचे नाव असलेली ही प्रणाली पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केली. २१४ मिलिमीटरची १२ रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात. ६ गाड्यांची बॅटरी एवढ्या वेळात ७२ रॉकेटे सोडते. पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर, आणि मार्गदर्शित आवृत्तीचा त्याच्या जवळपास दुप्पट. रॉकेटे सहा-सहाच्या पेट्यांत येतात आणि त्या क्रेनने बसवतात. गणित संगणक करतो.

आम्ही सुभेदार साहेबांना विचारले, आता तर सगळे सोपे झाले ना? ते म्हणाले, वजन उचलणे सोपे झाले ते फार चांगले झाले, आमच्या कमरा गेल्या. पण संगणकात लक्ष्याचा आकडा कुणीतरी भरतोच. जागा कुणीतरी निवडतोच. निघायचा रस्ता कुणीतरी पाहून ठेवतोच. आणि पुढे पायदळाबरोबर कुणीतरी चढतोच.

आमच्या वर्गात कोणत्या शाखेत जाणार असे विचारले की बहुतेकांचे हात पायदळ आणि पॅरासाठी वर जातात. तोफखाना म्हटले की "गणितवाले" म्हणून हसतात. जाणाऱ्याने जरूर पायदळात जावे. पण वर चढताना आपल्या मागे कोण काय करत आहे, हे त्याला माहीत असले पाहिजे.

लक्षात ठेवण्यासारखे

१. रॉकेट प्रक्षेपक मोठ्या क्षेत्रावर थोड्या वेळात मारा करतो. नेमकेपणाचे काम तोफांचे. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

२. डोंगरात हवेची घनता, इंधनाचे तापमान, वारा, उंचीतला फरक आणि मधला डोंगर, या पाचांचा हिशोब करावा लागतो.

३. एकच गणित दोघांनी स्वतंत्रपणे करणे ही पडताळणी आहे, अविश्वास नाही.

४. मारा करून लगेच जागा सोडणे हे धाडसाइतकेच तयारीचे काम आहे.

स्वाध्याय

१. लक्ष्य १२ किलोमीटरवर असताना दिशेत अर्ध्या अंशाची चूक झाली तर रॉकेट किती मीटर बाजूला पडेल? शेजारच्या मित्राला हेच गणित स्वतंत्रपणे करायला सांगा आणि मगच उत्तरे ताडून पाहा.

२. वारा डावीकडून येत असेल तर इंजिन चालू असताना आणि विझल्यावर रॉकेट कोणत्या दिशेला जाईल? आकृती काढा.

३. सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या गावातल्या एका निवृत्त सैनिकाला भेटा. तो तोफखान्याचाच हवा असे नाही, लंगरात काम केलेला असला तरी चालेल. वर दिलेले पाच प्रश्न विचारा. "हात कुठे असत" हा प्रश्न विसरू नका आणि त्यांना ऐकू येत असेल त्या बाजूला बसा.